त्याच क्रूझला पुन्हा संधी, की थेट सिंगापूर?

गेल्या वर्षी मुंबई-गोवा क्रूझवर आम्ही दोन्ही कुटुंबं वैतागून परतलो. आता त्याच कंपनीचं सवलतीचं व्हाउचर आलंय आणि वहिनींचं काही ठरत नाहीये. पुन्हा तेच जहाज घ्यावं, की सिंगापूरहून सुटणारं दुसऱ्या कंपनीचं?

आधी खर्च. व्हाउचर फक्त भाड्याला लागू आहे. बंदर-शुल्क आणि माणशी रोजची टीप वेगळी. तरी जहाज सुटतं त्या मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यापर्यंत टॅक्सीने जाता येतं. सिंगापूरला विमानभाडं, व्हिसा आणि जहाज चुकू नये म्हणून आदल्या रात्रीचं हॉटेल, सगळं आलंच.

केबिनबद्दल मात्र मनापासून सांगते. आमची खोली जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला होती. रात्रभर टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता, सासूबाईंचा डोळा लागला नाही. यात कंपनीपेक्षा आमची निवड चुकली. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर खोली घेतली की हेलकावे कमी जाणवतात. पण जेवणासाठी पाऊण तासाची रांग आणि तक्रार केल्यावर झालेली टोलवाटोलवी खोली बदलून सुटणार नाही. मला तेच जास्त लागलं होतं.

पावसाळ्यात मुंबईहून अशा सफरी नसतात, सिंगापूरहून वर्षभर असतात.

दोन-तीन दिवसांचीच रजा आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर व्हाउचर वापरा, पण मधली खोली आधी लेखी पक्की करून घ्या. मुलांना चार-पाच दिवस निवांत जहाजावर राहायचं असेल, तर वर्षभर थांबून पैसे साठवा आणि सिंगापूरच करा.