लिस्बनचे कार्मो पुरातत्त्व संग्रहालय

सेनापती नुनो आल्व्हारिस परेरा यांनी १३८९ मध्ये स्थापन केलेल्या कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाच्या मठाचे हे चर्च १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात कोसळले आणि नंतरची पुनर्बांधणी अपुरीच राहिल्यामुळे त्याच्या टोकदार दगडी कमानी आजही उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा भग्न मनोरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य विशेष भिडेल. पोर्तुगीज पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने १८६४ मध्ये येथे संग्रहालय सुरू केले आणि बंद पडलेल्या मठांमधील शिल्पे व शिलालेख नाशापासून वाचवले, ही तिची मोठीच कामगिरी आहे.

पोर्तुगालचा राजा पहिला फर्नांदो याची कोरीव दगडी शवपेटी हा माझ्या मते संग्रहाचा मुकुटमणी असून, तिच्या चारही बाजू सावकाश पाहाव्यात. व्हिला नोव्हा द साओ पेद्रो येथील ताम्रयुगीन अवशेषही अभ्यासूंनी चुकवू नयेत. पेरूमधील ममी मात्र या स्थानिक संग्रहात मला उपऱ्या वाटल्या. मानवी देहांचे असे प्रदर्शन अधिक संयमाने व्हायला हवे. मधल्या भागाला छप्पर नसल्याने पावसाचा दिवस टाळावा. सांता जुस्ता या जुन्या लोखंडी लिफ्टचा वरचा पूल येथे जवळच येऊन मिळतो.