चेहरा बधिर, डोकं ठणकतंय, आणि म्हणे "नस दबलीये"

अर्धा चेहरा सुन्न होतो, पाठोपाठ डोकं दुखतं आणि कारण सापडत नाही, असं ज्यांचं चाललंय त्यांनी हे वाचाच, कारण असे पेशंट म्हणजे "नस दबलीये" सांगून पैसे काढणाऱ्या नर्व्ह थेरपीवाल्यांचं हक्काचं गिऱ्हाईक.

मला आधी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, मग त्या हळूहळू वर सरकत ओठ, गाल, अर्धी जीभ सगळं बधिर, अर्ध्या तासात ते ओसरायचं आणि मग डोकं असं ठणकायचं की उजेडही नको वाटायचा. ओळखीतून एका नर्व्ह थेरपीवाल्या सेंटरचं कळलं. तिथे कॉम्प्युटरात नाव, वय, उंची, वजन भरलं, मुठीत एक धातूची दांडी धरायला दिली आणि मिनिटभरात लिव्हरपासून हाडांपर्यंत सगळ्याचा जाडजूड रिपोर्ट. निदान काय, तर चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस दबलीये. मग पॅकेज, पैसे आधी भरायचे, सोबत लेबल नसलेली पावडर.

नंतर एकदा तिथल्या मुलीकडून आधीच्या बाईंचं वय-वजन तसंच राहिलं आणि दांडी मी धरलेली. त्या बाईंनी आणि मी बाहेर येऊन कागद शेजारी ठेवले तर आकड्यांसकट तोच रिपोर्ट, फक्त नाव वेगळं! म्हणजे दांडी नुसती धरायला, सगळी करामत टाइप केलेल्या माहितीची. विचारलं तर म्हणे सर्व्हर स्लो आहे.

पावडरने आराम पडला, खोटं का बोलू, आणि गोम तिथेच आहे. बंद केली की डोकं दुप्पट दुखायचं, मग ते म्हणायचे बघा मॅडम, कोर्स अर्धवट सोडला ना. हळूहळू माझा चेहरा गोल सुजल्यासारखा दिसायला लागला, शुगर वाढली, तेव्हा न्यूरोलॉजिस्टकडे गेले. पावडर तपासली तर आत स्टेरॉइड आणि पेनकिलर. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस पेनकिलर पोटात जातेय आणि हे ३ महिन्यांच्या वर चाललं तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्टेरॉइड मात्र एकदम बंद करायचं नाही, जिवावर बेतू शकतं, म्हणून तेही त्यांच्या देखरेखीखाली कमी करत आणावं लागलं.

त्यांनी कापूस आणि टोकदार काडी घेऊन कपाळ, गाल, हनुवटी वेगवेगळं तपासलं, आणि बधिरपणा कुठून सुरू होतो, किती वेळात पसरतो हेच खोदून खोदून विचारलं. एमआरआय नॉर्मल. निदान ऑरावाला मायग्रेन, म्हणजे डोकं दुखण्याआधी अशी लक्षणं येणारा, त्यात बधिरपणा असा सावकाश सरकतो आणि साधारण ५ ते ६० मिनिटांत जातो. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात, म्हणजे त्या चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यात, करंट लागल्यासारखी सेकंदांची कळ येते, दात घासताना, वारा लागला तरी, सतत बधिरपणा त्यात सहसा नसतो. चेहरा कायमच बधिर राहिला तर गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असलं काही नाही ना हे बघावं लागतं. आणि अचानक, क्षणात एक बाजू सुन्न झाली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं, कारण स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

सेंटरमध्ये साठीच्या पुढचे एक काका असायचे, कानशिलं दुखायची, कंगवा फिरवला तरी डोक्याची कातडी हुळहुळायची, घास चावताना जबडा भरून यायचा. त्यांनाही नस दबलीये! हे मी सहज सांगितलं तर डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले, म्हणाले ही कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते, उशीर झाला तर दृष्टी जाते, त्यांना आजच्या आज पाठवा. सुदैवाने त्यांचा नंबर होता माझ्याकडे. आणि तिथे मानेला झटका देऊन नस मोकळी करायचा प्रकार चालतो त्याने क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटते, त्यातून स्ट्रोक होऊ शकतो, तेही तेव्हाच कळलं. माझं ते सेशन बाकी होतं.

पैसे परत मागितले तर म्हणे आम्ही ट्रीटमेंट देतो असं म्हटलंच कुठे, पावतीवर वेलनेस सर्व्हिस, नॉन रिफंडेबल लिहिलंय. खरंच लिहिलंय, बारीक अक्षरात. पण "मायग्रेन मुळापासून बरा" हा त्यांचा मेसेज, दोन्ही रिपोर्ट आणि उरलेली पावडर माझ्याकडे आहे, तक्रारीला तेच जोडलंय.