कळंबोलीतलं सेकंडहँड टर्बोंचं दुकान: माल आहे, पण डोळे उघडे ठेवून जा

आपली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230, तिच्यात कंपनीचा आयएस20 टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग) झाला की डोक्यात पुढचा किडा एकच, त्याहून मोठा आयएस38. ऑडी एस3 आणि फोक्सवॅगन गोल्फ आरवर येणारा हा टर्बो थेट बसतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (धूर गोळा करणाऱ्या पाइपांची) भानगड नाही कारण या इंजिनात तो सिलिंडर हेडमध्येच असतो, पण हा टर्बो असलेल्या पिढीची गोल्फ आर आपल्याकडे आलीच नाही त्यामुळे वापरलेला पीस बाहेरून आलेलाच मिळतो. नवी मुंबईतल्या कळंबोलीत स्टील मार्केटच्या मागच्या बाजूला एका शेठकडे असा माल येतो हे कळलं, मग मिस्त्रीला घेऊनच गेलो.

शेठची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे हातात घेऊन बघू देतो, कुरकुर करत नाही. बाकी प्रत्येक पीस "एकदम कमी चाललेला, साहेब", ते सोडून द्या. पहिला टर्बो बाहेरून चकाचक, अगदी धुऊन-पुसून ठेवलेला, पण मोबाइलचा टॉर्च मारला तर कॉम्प्रेसर व्हीलच्या (हवा दाबणाऱ्या चाकाच्या) दोन पात्यांची टोकं खाल्लेली आणि हाउसिंगला आतून गोल चरा, म्हणजे व्हील घासलंय. दुसरा दिसायला भंगार, काजळीने माखलेला, आणि नेमका तोच चांगला निघाला. शाफ्ट बाजूला थोडा हलला तर घाबरू नका, चालू असताना तो तेलाच्या थरावर फिरतो, कोरडा असताना तेवढा हलणारच. पण आत-बाहेर हलतोय असं बोटाला जाणवलं की ठेवून द्या, शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग गेलंय. मग वेस्टगेटची (जास्तीचा धूर बाजूने सोडणारी) झडप नीट बसते का, तिच्या भोकाजवळ तडा आहे का, आणि तेल परत जायच्या तोंडाशी कडक कार्बन जमलाय का ते बघा. आयएस38 चे सुरुवातीचे पीस शाफ्ट तुटण्यासाठी बदनाम आहेत, म्हणून प्लेटवरचं पार्ट नंबरामागचं अक्षर बघून नंतरचंच व्हर्जन घ्या. प्लेट खरवडलेली असेल तर तिथेच नमस्कार करायचा.

आता नावडलेलं. वॉरंटी तोंडी, बिल मागितलं की शेठचा चेहरा पडतो. आणि नवीन कार्ट्रिज (शाफ्ट-बेअरिंगचा आतला भाग) टाकलेला एक पीस "ओरिजिनल" म्हणून दाखवला, त्याचे बोल्ट सरळ सांगत होते की खोललाय, बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागितला तर म्हणे मशीनवर केलंय, विश्वास ठेवा. दोन लाखाच्या आसपास आरपीएम फिरणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवून कसं चालेल शेठ!

भाव सुरुवातीला चढाच सांगतो, घासाघीस केली की उतरतो. पण टर्बोच्या पैशांवर बजेट संपवू नका राव. तेलाचा पाइप, गास्केट, बोल्ट नवेच लागतात, मोठा इंटरकूलर, इंजिनासोबत डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंही ट्यूनिंग आणि मग रोज 95 ऑक्टेनच्या खालचं पेट्रोल विसरायचं. इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलं तर क्लेमच्या वेळी बोंबलाल ते वेगळंच.

गास्केट किट त्याच्याकडचं अजिबात घेऊ नका, लोकल आहे. आणि सकाळीच जा, दुपारनंतर ट्रकांच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही.