कार्बन फिक्सी, आठ महिने: सगळा जीव मागच्या दोन नटांत

मागच्या महिन्यात चढावर पेडलवर उभा राहिलो आणि मागून खर्रकन आवाज आला. चाक जवळजवळ अडकलंच. फिक्स्ड गिअरमध्ये, म्हणजे फिक्सीत, मागचं चाक आणि पेडल कायम एकत्र फिरतात, म्हणून चाक अडकलं की पायही अडकतात. वेग चालण्याइतकाच होता म्हणून पडलो नाही. उतरून बघतो तर मागच्या ॲक्सलचं (चाकाच्या आसाचं) उजवं टोक ड्रॉपआउटमध्ये (आस बसतो त्या फ्रेमच्या खाचेत) पुढे सरकलेलं, चाक तिरकं झालेलं आणि टायर डाव्या चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवर) घासून थांबलेला. चेनस्टेच्या आतल्या बाजूचा नखाएवढा रंग उडाला होता, खाली कार्बनची वीण दिसत होती. ही फ्रेम घ्यायला मी दीड वर्ष पैसे साठवले होते. ती वीण बघून पोटात गोळा आला.

सायकल जोडताना एकच ध्यास होता, सहा किलोच्या आत बसवायची. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेची किमान वजनाची मर्यादा ६.८ किलो आहे, पण मला शर्यत कुठे लावायची होती? फ्रेम ११८० ग्रॅम, फोर्क ३७०, चाकांची जोडी १४८०. एकेक भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वहीत मांडला. टीपीयूच्या (पातळ प्लास्टिकच्या) ट्यूबा घेतल्या, त्या ३६ ग्रॅमच्या. साध्या रबरी ट्यूबेचं वजन शंभरच्या आसपास जातं. पुढचा ब्रेक मात्र ठेवला, फिक्सीला ब्रेक हवाच का यावर कुणाशी वाद घालायची माझी तयारी नाही. एवढं करूनही आकडा सहाच्या वर अडला, तेव्हा मागचे पोलादी नट काढून ॲल्युमिनियमचे लावले आणि ॲक्सल मागे ओढून धरणारा चेन टेन्शनर काढून ठेवला. काटा ५९८० वर आला. त्या रात्री मी खूश होतो.

आणि चालवायला ती खरंच अप्रतिम आहे. सिग्नल सुटला की पहिल्या दोन पेडलमध्येच कळतं. चेनच्या बारीक सळसळीशिवाय आवाज नाही. जुन्या पोलादी फ्रेमवर खडबडीत रस्त्याला मनगटं दुखायची, इथे तासाभरानंतरही हात मोकळे असतात. सीटपोस्ट (सीटची दांडी) सुरुवातीला खाली बसायची. कार्बन पेस्ट लावून ५ न्यूटन मीटरला आवळल्यावर तो त्रास संपला.

पहिली कुरबुर टायरची निघाली. मी ४८ दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि १६ दातांचा कॉग (मागच्या चाकावरचं चक्र) लावला होता. गुणोत्तर नेमकं ३. पेडल एकदा फिरलं की चाक पूर्ण तीनदा फिरतं. मी स्किड करताना, म्हणजे पाय रोखून मागचं चाक घसरवत थांबताना, नेहमी उजवा पाय पुढे ठेवतो, त्यामुळे दर वेळी टायरचा तोच भाग रस्त्याला घासायचा. दोन महिन्यांत बाकी टायर नवा आणि एका जागी कापड दिसायला लागलेलं. मग ४९ आणि १७ घेतले. या दोन आकड्यांना १ सोडून सामाईक भाजक नाही, म्हणून या जोडीत तीच घासण १७ ठिकाणी वाटली जाते. हे आधीच करायला हवं होतं, एक चांगला टायर वाया गेला.

पण दोन्हीकडे एकेक दात वाढला आणि चेन तीच ठेवली, म्हणून ॲक्सल साधारण ६ मिलीमीटर पुढे घ्यावा लागला. माझं लक्ष चेनच्या ढिलाईकडे होतं, नटाखाली काय आहे हे मी पाहिलंच नाही.

चाक सरकल्यावर पहिला संशय फ्रेमवर आला. ड्रॉपआउट मऊ आहेत, दोष बनावटीत आहे, असं मी विक्रेत्याला फोटोंसकट लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, वॉरंटीत बसत नाही. कारण काय, एक अक्षर नाही. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. माझा संताप संताप झाला आणि याच अनुभवात त्यांना झोडपायचं ठरवलं होतं.

मग चाक काढून भिंग घेऊन बसलो, आणि मत बदलावं लागलं. ड्रॉपआउटवरच्या धातूच्या पट्टीवर पूर्वी नट जिथे बसायचा तिथे दातेरी वॉशरची गोल खूण होती, चकचकीत धातूपर्यंत. नव्या जागी अर्धी ती जुनी खूण आणि अर्धा जाड, गुळगुळीत लॅकर (वरचा लेप). दाबाने तो लॅकर चुरत गेला आणि नटाची पकड सैल पडली. त्यात ॲल्युमिनियमच्या नटाचे आटे जातील या भीतीने मी तो पुरेसा आवळलाच नव्हता. पुढे पेडल मारा नाहीतर मागे दाब द्या, चेन ॲक्सलला पुढे, पेडलच्या क्रँककडेच ओढते, आणि ती असते उजव्या बाजूला. त्या बाजूची पकड गेली की चाकाचं पुढचं टोक डावीकडेच वळणार. फ्रेम निर्दोष होती. तरी विक्रेत्यावरचा एक राग कायम आहे: सोबतच्या कागदावर सीटपोस्टचा टॉर्क (आवळायचा जोर) आहे, हँडल धरणाऱ्या स्टेमचा आहे आणि ॲक्सलचा नाही. ज्या सायकलीत वेग आवरायचं निम्मं काम मागच्या चाकावर आहे, तिथे हाच आकडा सगळ्यात आधी छापायला हवा.

आता पोलादी नट परत लावलेत. पट्टीवरचा लॅकर बारीक पॉलिश पेपरने काढला, आट्यांना ग्रीस लावलं, टॉर्क रेंचने ३५ न्यूटन मीटरला आवळले. उजव्या बाजूला टेन्शनर आहे. चेन मधोमध दाबली की सेंटीमीटरभर हलते, तेवढी ढील हवीच. घासलेल्या चेनस्टेवर नाण्याने टोकटोक करत पूर्ण लांबी ऐकली, आवाज कुठेही बद्द झाला नाही. मग त्या जागेवर पारदर्शक लॅकरचा हात दिला.

वजन ६०५६ ग्रॅम. वहीतला ५९८० चा आकडा मी खोडलाय. नट आणि ड्रॉपआउटवरून आडवी एक बारीक पांढरी रेघ ओढून ठेवली आहे. नट फिरला किंवा ॲक्सल सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. तीन आठवडे झाले, त्याच चढावर रोज उभा राहून चालवतोय. आज सकाळी पाहिली, रेघ सलग आहे.