ओपिनेल, व्हिक्टोरिनॉक्स की हिगोनोकामी: रोजच्या खिशासाठी कुठला चाकू?

घडीचा चाकू कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न करतो: घरातली लोखंडी विळी चिरून झाल्यावर लगेच पुसून ठेवता, की तशीच ओट्यावर सोडता? निम्मी निवड तिथेच होते.

गोष्ट तीन जुन्या चाकूंची आहे. फ्रान्सचा ओपिनेल, स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स आणि जपानचा हिगोनोकामी. तिन्ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले, आणि तिन्ही अजून जवळजवळ त्याच रूपात बनतात. लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून सुरुवात ओपिनेलपासून करतो.

ओपिनेल हा आल्प्सच्या कुशीतल्या साव्वा भागातल्या शेतकऱ्यांचा चाकू. जोसेफ ओपिनेलने तो 1890 मध्ये घडवला आणि 1897 मध्ये त्याचे 1 ते 12 असे आकार ठरले. खिशासाठी 8 नंबरच घ्यावा. पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. सगळे मिळून भाग पाच. त्यातली फिरती कडी 1955 पासून आली. चाकू उघडून ती कडी अंगठ्याने फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही.

त्याची खरी करामत पात्याच्या जाडीत आहे. जाड पात्याने कैरी कापायला जा, पातं अर्ध्यावर जातं आणि पुढची फोड कडकन तुटते. ओपिनेलचं पातळ पातं बाठ्यापर्यंत सरळ उतरतं, फोडीची कड गुळगुळीत राहते. पेरू, काकडी, लिंबू, पाव, सगळ्याला हाच अनुभव.

पण ओपिनेलमध्ये दोन जाती आहेत, कार्बन म्हणजे गंजणारं पोलाद आणि स्टेनलेस. कार्बनची धार दगडावर चटकन येते, मात्र कैरीच्या चार फोडी केल्या की पातं आधी निळसर, मग करडं पडतं आणि पहिल्या फोडींना लोखंडाची चवही लागते. विळीवर वाढलेल्यांना यात नवल नाही. कोरडं पुसलं, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे रोज करणं होईल का, ते स्वतःला विचारा. होणार नसेल तर मुकाट स्टेनलेस घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

लाकडी मूठ मात्र दोन्हींत सारखीच. पावसाळी हवेत ती फुगते आणि पातं खाचेत घट्ट बसतं, नखाने ओढूनही निघत नाही. अशा वेळी नखाशी झटापट करायची नसते. आधी कडीचं लॉक सुटं आहे ना ते बघायचं, मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टक्कन आपटायचं, म्हणजे पातं आपणच थोडं वर येतं. साव्वातले लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. नळाखाली भिजत ठेवणं तेवढं टाळा.

व्हिक्टोरिनॉक्सचं बरोबर उलटं आहे. कार्ल एल्सनरने 1884 मध्ये इबाखला कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला चाकू दिले, आणि आज आपण ओळखतो त्या ऑफिसर चाकूची नोंदणी 1897 मध्ये झाली. त्यातला स्पार्टन नावाचा, मिटल्यावर 91 मिलिमीटर भरणारा चाकू रोजच्याला पुरे. मोठं पातं पुठ्ठा-चिकटपट्टीला, छोटं फक्त फळाला, अशी वाटणी करून टाकावी. आणि खरं सांगायचं तर पात्यापेक्षा त्यातली बाकीची अवजारंच जास्त वापरली जातात. प्लगचा ढिला स्क्रू, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, तळपायातला बाभळीचा काटा. बूच काढायचा पीळ तर मी सुतळीच्या घट्ट गाठी सोडवायलाच वापरतो. चीक-रस आत गेला तर कोमट पाण्यात उघडझाप करायची, वाळवायचं, तेलाचा थेंब सोडायचा.

उणीव एकच, पण मोठी: या आकारात लॉक नाही. पातं स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं. माझ्या तर्जनीवर एक आडवी खूण आहे. जत्रेत घेतलेला असाच बिनलॉकचा चाकू मी नारळाच्या शेंडीत खुपसून पिळत होतो. चाकू मिटला. चूक माझीच, अशा चाकूने फक्त ओढून कापायचं, भोसकायचं किंवा पिळायचं नाही. मुलांच्या हाती द्यायचा असेल तर हे आधी शिकवा, किंवा ओपिनेल द्या.

हिगोनोकामी देखणा आहे. पत्रा वाकवून केलेली मूठ, पात्याच्या मागे छोटी दांडी, तीच अंगठ्याने दाबून धरायची. लॉक नाही, स्प्रिंगही नाही. ह्योगो भागातल्या मिकी गावचा हा चाकू, एकेकाळी जपानी शाळकरी पोरं यानेच पेन्सिलींना टोक काढत. धार लावायला सर्वांत सोपा, कारण पात्याचा उतार आख्खा दगडावर टेकतो, कोन सांभाळायची कटकट नाही. पण बहुतेक कार्बनचेच मिळतात आणि मूठ बारीक, ओल्या हातात सटकते. टेबलावर ठेवायला, पेन्सिलीला, पाकिटं फोडायला उत्तम. बाजाराला जाताना मी तो नेत नाही.

मग घ्यायचा कुठला? डबा, फळं, ट्रेक यासाठी एकच हवा असेल तर 8 नंबरचा स्टेनलेस ओपिनेल. घरात दुरुस्त्या करणारे तुम्हीच असाल, किंवा चाकू पुसायचा आळस असेल, तर स्पार्टन.

बाळगण्याबद्दल थोडं. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत होते. हे तिन्ही त्याच्या जवळपासही नाहीत. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला वा निवडणुकीला जे मनाई आदेश निघतात, त्यांत चाकूही येऊ शकतो. तेव्हा तो घरी राहू द्या. विमानात हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका.

आणि वडिलांसाठी घेत असाल तर आधी त्यांच्याच हाताने उघडून बघा. ओपिनेल काय, व्हिक्टोरिनॉक्स काय, दोन्ही नखाच्या खाचेत बोट घालून उघडावे लागतात, आणि सत्तरीतल्या बोटांना ओपिनेलची फुगलेली मूठ किंवा व्हिक्टोरिनॉक्सची नवी कडक स्प्रिंग आवरत नाही. तिथे हिगोनोकामीची ती दांडीच कामाला येते.