ओंडाट्जे वाचायचा, पण आधी कोणतं पुस्तक?

श्रीलंकेत जन्मलेला कॅनेडियन लेखक मायकल ओंडाट्जे मागितला की दुकानदार 'द इंग्लिश पेशंट'च काढून देतो. १९९२ चं बुकर, २०१८ मध्ये ५० वर्षांच्या विजेत्यांतून निवडलेलं गोल्डन बुकर, वर सिनेमा. मीही तिथूनच सुरुवात केली आणि जरा फसलो.

पुस्तक उत्तमच आहे. किप हा शीख जवान बाँब निकामी करताना कुठली तार कापतो या नादात माझं स्टेशन मागे गेलं होतं. सिनेमाने किपला बाजूला सारलंय. हिरोशिमाची बातमी ऐकून तो जो उसळतो, ते तर तिथे नाहीच.

माझा वैताग वेगळा. इटलीतल्या पडक्या व्हिलात हाना ही नर्स जळालेल्या रुग्णाची शुश्रूषा करतेय. तिचे वडील युद्धात मरण पावलेत. मग हातांना बँडेज बांधलेला कॅराव्हॅजो येतो आणि दोघं जुन्या घरोब्याने बोलू लागतात. टोरांटो, पॅट्रिक... आपली काही पानं सुटली की काय म्हणून मी दोनदा मागे जाऊन चाळून आलो. सुटलं काहीच नव्हतं. ती सगळी माणसं १९८७ च्या 'इन द स्किन ऑफ अ लायन'मधली, आणि माझ्या प्रतीवर त्याबद्दल चकार शब्द नव्हता.

'लायन'ची सुरुवात संथ आहे, कबूल. पण टोरांटोचा ब्लोर स्ट्रीटवरचा पूल बांधला जाऊ लागला की पुस्तक सुटत नाही. रात्री वाऱ्याच्या झोताने एक नन अर्धवट पुलावरून खाली जाते. दोराला लटकलेला मॅसिडोनियन कामगार तिला झेलतो आणि त्याचा खांदा निखळतो. तुरुंगाचं छप्पर निळं रंगवताना कैदेतला चोर कॅराव्हॅजो स्वतःलाही निळा रंगवून घेतो, आभाळात मिसळतो आणि पसार होतो. आणि पॅट्रिक म्हणजे हानाला वाढवणारा बाप. 'वडील गेले' हे मी आधी नुसती माहिती म्हणून वाचलं होतं. 'लायन'नंतर 'पेशंट' पुन्हा काढलं, तेव्हा त्याच ओळीवर बराच वेळ अडकलो.

कादंबरीच नको असेल तर 'रनिंग इन द फॅमिली' घ्या. त्यात आहे ओंडाट्जेचं स्वतःचं सिलोनमधलं घराणं आणि दारूच्या नशेत आगगाड्या अडवणारा बाप. छोटं, खुसखुशीत, मधूनच काळीज हलवणारं.

'पेशंट' आधीच आणून ठेवलं असेल तर वाचा, अगदीच बिघडत नाही म्हणा. फक्त पॅट्रिकचं नाव आलं की खूण घालून मिटा आणि आधी पुलावर जाऊन या.