नऊ महिने, एक पावसाळा आणि व्हॅम्पायरची पुस्तकं : ई-रीडर वापरून काय वाटलं

मागच्या मे महिन्यात सहा इंची ई-रीडर घेतला, आता फेब्रुवारी संपत आलाय. मी शिरोड्याला राहते, काजू कारखान्यात हिशेब बघते आणि वाचते ते जवळजवळ सगळं भुताखेतांचं, रक्तपिपासूंचं, अतर्क्य असं. त्यामुळे हा अनुभव कोकणात राहून असलं साहित्य वाचणाऱ्याच्या आणि इतरांना ते वाचायला सांगणाऱ्याच्या नजरेतून लिहिलाय.

यंत्र घ्यायचं कारण बुरशी. आमच्याकडे जुलैत पुस्तकांची काय गत होते ते किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. कडुनिंबाचा पाला घातला, डांबरगोळ्या ठेवल्या, कपाटात बल्ब लावून बघितला. तरी गणपतीत कपाट उघडलं की पुठ्ठ्यावर पांढरी साय आणि पानांत कसर. दोन वर्षांपूर्वी माझ्या नारायण धारपांच्या सात कादंबऱ्यांना वाळवी लागली. त्यांतल्या तीन आता बाजारात मिळत नाहीत. त्या दिवशी ठरवलं की पावसाळ्यापुरतं तरी वाचन कागदावरून उठवायचं.

बॅटरीचं आधी सांगते. रोज दीड तास वाचन, उजेड निम्म्याच्या खाली आणि वायफाय बंद ठेवून मला अठरा-एकोणीस दिवस मिळतात. ई-इंकच्या पडद्याला पान बदलतानाच वीज लागते, नुसतं पान समोर धरून बसलं तर पडद्याला काही लागत नाही. जो काही खर्च होतो तो मुख्यतः उजेडाचा. जुलैत तारेवर माड पडून तीन दिवस वीज नव्हती. फोन पहिल्याच रात्री गेला, हे मात्र चालू राहिलं. उजेड पिवळसर करता येतो तो जरूर करा. पांढऱ्या उजेडावर पावसाळी पाखरं मच्छरदाणीच्या जाळीला येऊन चिकटतात, पिवळ्यावर कमी येतात. आणि पडवीत पागोळ्यांजवळ बसू नका. पाण्याचा थेंब पडद्यावर पडला की पान आपोआप उलटतं, आणि नेमकं खिडकीबाहेर कुणीतरी उभं आहे अशा ओळीवर उलटतं.

देवनागरीबद्दल तक्रार आहे. विकत घेतलेली मराठी ई-पुस्तकं बहुतेक नीट दिसतात. पण काहींत 'ऱ्य' जिथे हवा तिथे 'र्य' येतो. हा दोष यंत्राचा नाही, पुस्तक टाइप करतानाच साधा र वापरल्याचा आहे. वाचणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो? एका भाषांतरात कार्पेथियन पर्वतातल्या 'खोल दऱ्या' छापल्या होत्या 'खोल दर्या'. मी समुद्राकाठी बसलेय, बाहेर दर्या गाजतोय. डोंगरातल्या किल्ल्याखाली समुद्र कुठून आला, या विचारात मी अख्खं पान वाचलं. प्रकाशकांनी एवढं एक अक्षर तपासावं अशी माझी मनापासून विनंती आहे. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं सहा इंचांवर वाचायची तर यंत्र आडवं धरून अर्धं अर्धं पान वाचावं लागतं. जमतं, पण डोळे शिणतात.

आता या यंत्राचा जो गुण मला कुणीच सांगितला नव्हता तो. कागदी पुस्तकात उजव्या हाताला किती पानं उरलीत ते कळतं. रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचताना बोटांखाली दोनच पानं उरली की मन आपोआप सावध होतं, आता पलटी येणार. इथे खाली दिसणारी टक्केवारी बंद करता येते. ती बंद केली आणि मतकरींच्या कथा पुन्हा वाचल्या. शेवट कुठून आला ते कळलंच नाही. 'खेकडा' मी कॉलेजात असताना वाचली होती, तरी यावेळी अंगावर आली. भयकथा वाचणाऱ्या प्रत्येकाने सेटिंगमध्ये जाऊन ते टक्के आधी घालवावेत.

मोठी अडचण वेगळीच निघाली. पूर्वी मी पुस्तक सुचवायची म्हणजे पुस्तक हातात द्यायची. "हे ने, वाच," की झालं काम. आता ते यंत्रात अडकलेलं. पुस्तक देता येत नाही, म्हणून ते तोंडाने सांगावं लागतं. पहिले दोन महिने मला याचा त्रास झाला. मग लक्षात आलं की मी आजवर शिफारस करतच नव्हते, नुसती पुस्तकं वाटत होते, आणि त्यांतली निम्मी न वाचता परत येत होती.

शेजारी तांडेलकाका आहेत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ते घरी जाळी विणत बसतात. एका संध्याकाळी खळ्यातल्या पत्र्याखाली बसून त्यांनी विचारलं, "काय वाचतंस गो एवढा?" मी ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या 'ड्रॅक्युला'तलं सातवं प्रकरण वाचत होते. ते सांगायला लागले.

डिमीटर नावाचं जहाज 6 जुलैला काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरात माल भरून निघतं. मालात वाळू आणि मातीच्या पेट्या. जहाजावर पाच खलाशी, दोन मेट (कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी), एक स्वयंपाकी आणि कप्तान. कप्तान प्रवासाची नोंद लिहितो, आणि एकेक करून माणसं कमी होत जातात. पहाऱ्यावर गेलेला परत येत नाही. काकांची सुई थांबली. "मगे सुकाणावर कोण?" त्यांनी विचारलं. माणसं का मरतात हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं, शेवटी एकटा कप्तान उरतो. वादळात जहाज इंग्लंडच्या व्हिटबी बंदराच्या वाळूत चढतं, तेव्हा सुकाणूच्या चाकाला त्याचे दोन्ही हात बांधलेले असतात आणि तो मेलेला असतो. तिथल्या लोकांना प्रश्न पडतो की हात बांधले कुणी? मग निष्कर्ष निघतो की त्यानेच बांधून घेतले आणि गाठी दातांनी आवळल्या.

काकांनी जाळ्याचा दोरा मनगटाला गुंडाळला, टोक दातांत धरलं आणि मान मागे घेतली. गाठ बसली. "येता आवळूक," ते म्हणाले. "एक हात गुंतलेलो असलो की आमी तशीच मारतंव."

मी ते प्रकरण चारेक वेळा तरी वाचलं असेल. त्या गाठीपाशी मी कधी थांबले नव्हते.

तेव्हापासून शिफारस करण्याची माझी रीत बदलली. समोरच्याला भुताचं आवडतं का, असं मी विचारत नाही. तो दिवसभर काय करतो ते मला ठाऊक असतं, त्यावरून पुस्तकाचं दार शोधते. 'ड्रॅक्युला' सगळा डायऱ्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांनी बनलेला आहे, त्यामुळे त्याला आत शिरायला दारं पुष्कळ आहेत. दर्यावर जाणाऱ्याला डिमीटर. पोस्टात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी सांगितलं की हे पुस्तक म्हणजे पत्रांची थैली आहे, तुला आवडेल. तिने आठवड्यात संपवलं. ड्रॅक्युला वाहतं पाणी फक्त भरतीच्या टोकाला किंवा पाणी थबकलेलं असतानाच ओलांडू शकतो, हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, ज्याच्या हाडात आहे त्याला हा नियम समजवावा लागत नाही. बोलावल्याशिवाय तो उंबरठा ओलांडत नाही, हेही इथे कुणाला पटवावं लागलं नाही. रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे आम्ही आजीकडून शिकलोय.

एक वाद मात्र नेहमी होतो. सिनेमे बघितलेली मुलं म्हणतात, व्हॅम्पायर उन्हात जळतो, मग ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर कसा? स्टोकरच्या कादंबरीत तो दिवसा फिरतो, त्याची शक्ती तेवढी कमी होते. उन्हाने मरणं आलं 1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. तो परवानगी न घेता केलेला होता, आणि स्टोकरच्या विधवेने कोर्टात जाऊन त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला होता. तरी काही प्रती वाचल्या.

ज्याला जाड पुस्तकाची धास्ती वाटते त्याला मी आधी शेरिडन ले फानूची 'कार्मिला' सांगते. 1872 ची, 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधीची, शंभरेक पानांची. एकाकी वाड्यात राहणारी मुलगी, तिच्याकडे पाहुणी म्हणून आलेली दुसरी मुलगी आणि त्यांची मैत्री. भीती इतकी मऊ पावलांनी येते की आपण त्या पाहुणीच्या बाजूचे होऊन बसतो. माझ्या मते आजही यापेक्षा सुंदर व्हॅम्पायरकथा नाही. जॉन पॉलिडोरीची 1819 ची 'द व्हॅम्पायर' मात्र मी वाचण्यापेक्षा तिची गोष्ट सांगण्यासाठी ठेवते. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी 1815 मध्ये फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरन, त्याचा डॉक्टर पॉलिडोरी, शेली आणि मेरी असे सगळे पावसाने घरात कोंडले गेले आणि प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. मेरीचं 'फ्रँकेन्स्टाइन' तिथलंच. पावसाने कोंडलेली माणसं भुताच्या गोष्टी सांगतात, हे आषाढात पडवीत बसून ऐकायला फार जवळचं वाटतं. पॉलिडोरीची कथा स्वतः जरा कोरडी आहे.

ही तिन्ही पुस्तकं स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत, प्रोजेक्ट गटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात, यंत्रात सहज उतरतात. इंग्रजी शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, त्यामुळे माझ्यासारख्या मराठी शाळेतल्या माणसालाही स्टोकर जमतो.

मराठीतून सुरुवात करायची असेल तर धारपांची 'लुचाई'. स्टीफन किंगच्या 1975 च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, पण धारपांचं गाव आपलं गाव वाटतं. एकेक घर आतून रिकामं होत जातं आणि सकाळी दारं बंदच राहतात, ही भीती मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद घरं बघत वाढलेल्या आम्हा लोकांना निराळीच झोंबते.

इथे एक कळकळीने सांगायचंय. माझ्याकडे ई-रीडर आहे म्हटल्यावर लोकांनी फोनवर धारप, मतकरी यांच्या स्कॅन फायली ढिगाने पाठवल्या. मी त्या उघडल्या नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. धारप 2008 मध्ये गेले, मतकरी 2020 मध्ये. माझ्या त्या तीन कादंबऱ्या बाजारात नाहीत याचं दुःख मला आहेच, पण त्या पुन्हा छापल्या जाव्यात असं वाटत असेल तर जी मिळतात ती तरी विकत घ्यायला हवीत. तोंडी सांगितलेली शिफारस कितीही वाटावी, फाइल वाटू नये.

वेताळाबद्दलही बोलते. 1870 मध्ये रिचर्ड बर्टनने वेताळपंचविशीतल्या काही कथा इंग्रजीत नेल्या आणि शीर्षकात वेताळाला व्हॅम्पायर म्हटलं. मढ्यात शिरून राहणारा म्हणून त्याला तो शब्द सुचला असेल. पण शिरोड्याच्या शेजारी आरवलीला वेतोबा आहे, आमचा रक्षणकर्ता. नवसाला त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याची भलीमोठी पायताणं वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो. कुणी मला वेताळपंचविशी व्हॅम्पायरच्या यादीत घाल म्हणालं तर मी घालत नाही. वाचायला मात्र प्रत्येकाला सांगते. कथा संपताना ऐकणाऱ्यालाच कोड्यात पकडणारी ती बांधणी मला इतर कुठे इतक्या धारेची मिळाली नाही.

आता बिघाड. सप्टेंबर संपताना चार्जिंग बंद पडलं. पिनेच्या आत हिरवट थर दिसत होता, खाऱ्या हवेचा. पाण्यात पडलं तरी चालतं असं खोक्यावर लिहिलेलं असूनही दुरुस्ती केंद्राने 'ओल शिरली' म्हणून वॉरंटी नाकारली. पैसे भरले, कुरिअरने जाऊन येईपर्यंत सव्वीस दिवस गेले. एवढ्या दूर राहणाऱ्या माणसाचा महिना जातो याचं तिथे कुणालाच काही वाटलं नाही, याचा राग अजून आहे. त्या दिवसांत गावच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. आता यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते आणि पिनेच्या भोकाला रबरी बूच लावते. तेव्हापासून तक्रार नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी बूच पहिल्या दिवसापासून लावावं.

घ्यावं का, असं विचाराल तर पावसाळ्यासाठी आणि जुन्या इंग्रजी भयकथांसाठी घ्या. फक्त मराठी वाचत असाल तर थांबा, आपल्या आवडीची किती पुस्तकं ई-रूपात आहेत ते आधी बघा. धारपांच्या बाबतीत माझी निराशा झाली. डिसेंबरात मी 'लुचाई' पुन्हा कागदावरच घेतली.

तांडेलकाका ऑगस्टला बोटीवर गेले ते अधूनमधून येतात. मागच्या आठवड्यात आले, सुरमईचे दोन तुकडे आईच्या हातात दिले आणि माझ्याकडे वळले. जहाज वाळूत चढल्याबरोबर नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, एक मोठा कुत्रा उडी मारून अंधारात पळून जातो, एवढं मी जुलैत सांगून ठेवलं होतं.

"तो कुत्रो गावलो काय गो?"

नाही म्हटलं, गावभर शोधतात पण तो कुठेच सापडत नाही. काकांनी जरा विचार केला आणि पायरीवर बसले. "मगे तोच तो," म्हणाले. "सांग फुडे."